घाट, चाक आणि वंगण

कर्जतहून लोणावळ्याकडे गाडी चढू लागली की पळसदरी, जांबरुंग, ठाकुरवाडी, नागनाथ, मंकी हिल अशी नावं एकामागून एक येतात. ठाकुरवाडी ही पाटी पुष्कळांनी खिडकीतून वाचली असेल, पण तिथं उतरलेला माणूस विरळा. रेल्वेनं तो थांबा गावासाठी बांधलाच नाही, घाटासाठी बांधला. नाव मात्र वाडीचं घेतलं. ठाकूर आदिवासींची वस्ती म्हणून ठाकुरवाडी. अशा ठाकुरवाड्या आमच्या कर्जत-खालापूर तालुक्यांत एक सोडून अनेक आहेत.

मी या भागातला. अब्बा कर्जतला रेल्वेच्या कॅरेज-वॅगन खात्यात खलाशी होते. आमच्या घरात कविता यायच्या पुष्कळ आधी ग्रीस आलं होतं. जुम्म्याच्या दिवशी पांढरा सदरा घालताना अब्बा नखांच्या कडा साबणानं घासत बसायचे, तरी काळी रेघ उरायचीच. म्हणून आज मी वंगणाविषयी बोलणार आहे. कवी माणसानं ग्रीसवर काय बोलावं, असं काही श्रोत्यांना वाटेल. पण चाकाचा इतिहास सांगायचा आणि वंगणाचा सांगायचा नाही, म्हणजे लग्नाची हकिकत सांगून स्वयंपाक्याचं नाव गाळण्यासारखं आहे.

बोरघाटात चाक फार उशिरा आलं. कोकणातून घाटावर जाणारा माल शेकडो वर्षं बैलांच्या पाठीवरून गेला. लमाणांचे तांडे मीठ घेऊन वर जात आणि धान्य घेऊन खाली येत. वाडीवरचे ठाकूर-कातकरी डोक्यावर भारा घेऊन चढत-उतरत. पाठीवरच्या ओझ्याला वंगण लागत नाही; लागलंच तर ते वाहणाऱ्याच्या गुडघ्यांना लागतं, आणि त्याची सोय कुठल्याही सरकारनं केलेली नव्हती. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत, १८३० साली, बोरघाटात गाडीरस्ता झाला. अमृतांजन पूल म्हणून जो आपण ओळखत होतो आणि जो एप्रिल २०२० मध्ये पाडला, तो त्याच वेळचा. त्या रस्त्यानं बैलगाडी घाट चढू लागली आणि चाकाला काय घालायचं हा प्रश्न इथं पहिल्यांदा नीट उभा राहिला.

बैलगाडीचं उत्तर ठरलेलं होतं : एरंडेल. चिंध्या किंवा पेंढा जाळून त्याची काजळी करायची, ती एरंडेलात खलायची आणि ते काळं रबरबीत वंगण बांबूच्या नळ्यात भरून गाडीखाली टांगायचं. आख आणि तुंबा यांच्यामध्ये लाकडाच्या काडीनं ते भरत. एकेक चाक खीळ काढून थोडं बाहेर ओढायचं, वंगण घालायचं, चाक पुन्हा सारायचं. माझ्या लहानपणी, सत्तरीच्या दशकात, भाताच्या आणि गवताच्या गाड्या कर्जतच्या बाजारात येत तेव्हा हे मी कितीदा तरी पाहिलं आहे. वंगण नसलेली गाडी दुरूनच कळायची. ती ओरडत यायची. बाजारातले म्हातारे गाडीवानाला म्हणायचे, ‘‘अरे, बैलाची दया कर, चाकाला काही घाल!’’ बैलाची दया म्हणून वंगण, हे मला अजून फार बरोबर वाटतं. घर्षणाची व्याख्या आम्ही पुढं शाळेत शिकलो.

एरंडेलच का? तिळाचं, करडईचं, करंजाचं तेल होतंच की. पण एरंडेल दाट, चिवट, लोखंडाला धरून राहणारं. रसायनशास्त्र सांगतं की त्यातल्या मुख्य आम्लाला, म्हणजे रिसिनोलिक आम्लाला, हायड्रॉक्सिलचा एक जादा आकडा असतो. इतर खाद्यतेलांतल्या आम्लांना तो नसतो. त्या आकड्यानं ते धातूला चिकटतं. आमच्या गाडीवानांना आकडा माहीत नव्हता, चिवटपणा माहीत होता. शिवाय ते रोजच्या भाजीत घालायचं तेल नव्हे, त्यामुळे घरातल्या बाईशी भांडण नाही. हाच गुण पुढं साहेबालाही पटला. हिंदुस्थानातल्या रेल्वेगाड्यांनी एकोणिसाव्या शतकात एरंडेल वंगण म्हणून वापरलं, दिव्यातही जाळलं. १९०९ साली इंग्लंडमध्ये वेकफिल्ड कंपनीनं मोटारी आणि विमानांसाठी तेल काढलं, त्यात एरंडेल होतं म्हणून त्याचं नाव ठेवलं कॅस्ट्रॉल. एरंडाचं इंग्रजी नाव कॅस्टर, त्यावरून. पहिल्या महायुद्धातल्या फिरत्या इंजिनांची विमानं एरंडेलावर उडाली, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. बांधावरचं ते झाड असं पार आकाशात जाऊन आलं.

आता रेल्वे. बोरघाटाच्या रेल्वेचं काम १८५६ च्या आरंभी सुरू झालं आणि २१ एप्रिल १८६३ रोजी मार्ग खुला झाला. सुमारे २५ किलोमीटरमध्ये ५५८ मीटरची चढण, २५ बोगदे, ८ मोठे पूल. जेम्स बर्कली मुख्य अभियंता. पहिला ठेकेदार फॅव्हिएल. मजुरी वेळेवर न दिल्यावरून १८५९ च्या जानेवारीत घाटातल्या मजुरांनी दंगा केला. दुसरा ठेकेदार ट्रेडवेल इथं आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या बायकोनं, ॲलिस ट्रेडवेलनं, काम पुरं करवून घेतलं. १८६१ मध्ये बेचाळीस हजारांहून जास्त माणसं या घाटात राबत होती. पटकी-तापानं आणि दगडाखाली सापडून हजारो गेले. बर्कलीचं नाव पुस्तकात आहे. गेलेल्यांची नावं कुठं आहेत?

या घाटाची सगळ्यात कठीण चढण ३७ फुटांना एक फूट आहे. ऐकायला किरकोळ वाटते, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक असताना ती फार मोठी चढण आहे. म्हणून कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. गाडी त्यासाठी थांबते, लोक दिवाडकरांचा बटाटेवडा घेतात, आणि पायाखाली काय चाललंय याची कुणाला कल्पना नसते. अब्बा तेव्हा खाली असायचे.

घाटातल्या चाकाचे स्वभाव दोन असतात. कडेला त्याला घर्षण पाहिजे आणि पोटात नको. चाक रुळावर घसरू नये म्हणून इंजिनात वाळूच्या पेट्या असतात. पावसात, शेवाळलेल्या पाल्यापाचोळ्यावर चाक फिरू लागलं की ड्रायव्हर वाळू सोडतो. त्याच चाकाच्या आखावर मात्र वाळूचा एक कण गेला तर अनर्थ. रुळाचा माथा कोरडा पाहिजे, पण तीव्र वळणावर रुळाच्या आतल्या अंगाला, जिथं चाकाचा काठ घासतो तिथं, मुद्दाम ग्रीस लावतात. दोन बोटांचं अंतर, आणि एका ठिकाणचं औषध दुसऱ्या ठिकाणी विष. नेरळ-माथेरान गाडीला हे घाटापेक्षाही कडक लागू आहे. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०७ मध्ये सुरू केलेल्या त्या रुळावर वीस फुटांना एक फूट चढण आहे आणि वळणं अशी की गाडीला आपलंच शेपूट दिसावं.

अब्बांच्या वेळी डब्यांना रोलर बेअरिंग येऊन बरीच वर्षं झाली होती, पण मालगाड्यांचे पुष्कळ वॅगन जुन्या पद्धतीचे होते. त्यात आखाच्या टोकावर पांढऱ्या धातूचा तुकडा टेकलेला, आणि खाली पेटीत तेलात भिजवलेलं सूत. सूत सरकलं, तेल आटलं, पाणी शिरलं की आख तापायचा. त्याला ‘हॉट ॲक्सल’ म्हणत. आख लाल होऊन तुटला तर घाटात गाडी रुळाखाली. गाडी थांबली की अब्बा आणि त्यांचे सोबती लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकांवर ठोके देत जायचे. तडा असेल तर आवाज फुटका येतो. आणि प्रत्येक पेटीला हात लावायचे, तोही हाताच्या मागच्या बाजूनं. मी विचारलं तर म्हणाले, ‘‘मागची कातडी जळली तर दुसऱ्या दिवशी कामावर जाता येतं. तळवा जळला तर नाही.’’ उतारावर गाडी निसटलीच तर तिला अडवायला घाटात चढाचे फाटे ठेवलेले आहेत. रेल्वेत त्यांना कॅच सायडिंग म्हणतात. ते शेवटचे इलाज. पहिला इलाज त्या पेटीत होता, पसाभर.

वंगण कुठल्या तेलाचं, यावरून या देशात एकदा आगही लागली. १८३५ मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या हेन्री बूथनं आखाच्या ग्रीसचं पेटंट घेतलं : जनावराची चरबी, पामतेल, सोडा आणि पाणी. साहेबाच्या देशात चरबी स्वस्त, त्यामुळे चाक असो की बंदूक, हात आधी चरबीकडे जायचा. १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळ डमडमला एन्फिल्ड काडतुसांची बातमी फुटली : दातांनी तोडायच्या कागदाला गाईची आणि डुकराची चरबी आहे. सरकारनं घाईनं परवानगी दिली की शिपायांनी आपलं मेण-तेल आपण आणावं आणि लावावं. तोवर संशय वंगणावरून कागदावर गेला होता. तांत्रिक दृष्टीनं पाहाल तर उपाय बरोबर होता. मेण आणि तेल चाललं असतं. पण लोक वंगणाला नकार देत नव्हते, न विचारता तोंडात घालायला लावणाऱ्याला देत होते. हे मी मुसलमान म्हणून सांगत नाही. हिंदू शिपायाचं म्हणणंही तेच होतं, आणि इतक्या सोप्या मुद्द्यावर दोघांचं एकमत व्हायला काडतूस लागलं याचं मला जास्त नवल वाटतं. बैलगाडीच्या नळ्यातल्या एरंडेलावरून मात्र कधी कुणाचा धर्म बुडाला नाही.

बूथच्या कृतीत सोडा होता, हे लक्षात ठेवा. चरबी आणि सोडा म्हणजे साबण. ग्रीस म्हणजे मुळात तेल आणि साबण. वातीनं तेल धरून ठेवावं तसा साबण तेलाला धरून ठेवतो आणि लागेल तसं थोडं थोडं सोडतो. कंगवा फिरेल अशा त्या मऊ गोळ्यात आठ-नऊ हिस्से तेलच असतं. कुठल्या धातूचा साबण, यावर ग्रीसचा स्वभाव ठरतो. आणि हा स्वभाव तपासायला आमच्या बोरघाटाइतकी कडक परीक्षा शोधूनही सापडणार नाही, कारण इथं उष्णता आणि पाणी दोन्ही एकाच दिवशी भेटतात.

चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा साबण घ्या. जुनं पिवळं ग्रीस ते. पाण्याला भीत नाही, पण त्याची घडणच थोड्या पाण्यावर उभी असते. शंभर अंशांच्या आसपास ते पाणी उडून जातं आणि ग्रीस विरघळून वाहू लागतं. घाट उतरणाऱ्या ट्रकचा ब्रेक तापतो, ती उष्णता चाकाच्या हबमध्ये जाते, आणि पिवळं ग्रीस बेअरिंग सोडून ब्रेकच्या पट्ट्यावर पोचतं. ज्याला थांबवायचं तोच घसरतो. सोडियमचा साबण घेतला तर उष्णता सोसेल, पण पाणी लागलं की पांढरा फेस होऊन धुऊन जाईल. जुलैत माथेरानच्या पायथ्याला पाऊस कसा पडतो ते मी सांगायला नको. चाक तापलेलं असताना गाडी ओढ्यात घातली की हबमधली हवा एकदम आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते. एका ग्रीसला पाणी चालत नाही, दुसऱ्याला आग. गाडीवाल्यांनी वर्षानुवर्षं यांतलंच एक पत्करलं आणि वरचेवर चाकं उघडली.

उत्तर आलं १९४२ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत. क्लॅरन्स अर्ल या अमेरिकन संशोधकानं लिथियमच्या साबणाच्या ग्रीसची पेटंटं घेतली. ते एकशे ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत वितळत नाही आणि पाण्यानंही सहज धुपत नाही. लिथियम कॉम्प्लेक्स नावाचा त्याचा पुढचा भाऊ अडीचशे अंशांच्याही पुढं टिकतो. जगभरच्या चाकांत आज सगळ्यांत जास्त हेच ग्रीस असतं. आता गंमत पाहा. लिथियमच्या त्या साबणासाठी जे आम्ल लागतं, त्याचं नाव बारा-हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्ल. ते करतात एरंडेलापासून. एरंडेलात हायड्रोजन घातला की ते मेणासारखं घट्ट होतं, त्यातून हे आम्ल निघतं. मघाशी सांगितलेला जादा आकडा त्यात तसाच असतो. साबणाचे धागे एकमेकांत गुंतून तेल धरतात ते त्याच्या जोरावर. एरंडीच्या उत्पादनात जगात भारत पहिला, आणि त्यातला फार मोठा वाटा गुजरातचा. बैलगाडीखालच्या बांबूच्या नळ्यातून जे गेलं ते मोटारीच्या हबमध्ये असं परत आलं. वाटेत त्यानं जात बदलली म्हणा, कूळ तेच.

मला हे खोपोलीच्या एका मिस्त्रीनं शिकवलं. जुन्या घाटरस्त्याच्या तोंडाशी त्याचं गॅरेज आहे, आणि दरीत अडकलेल्या गाड्या ओढायला विंच लावलेली क्रेन. त्याच्या फळीवर पाच-सहा डबे मांडलेले असतात. मी म्हटलं, ‘‘मिस्त्री, एकाच डब्यानं भागत नाही का?’’

‘‘चाचा, ग्रीस म्हणजे मलम आहे का, दिसेल तिथं चोळायला?’’ तो म्हणाला. मग विंच उघडून दाखवली.

चाकाच्या बेअरिंगमध्ये गोळे किंवा रोलर लोळतात. वेग जास्त, दाब सतत, उष्णता ब्रेकची. तिथं घट्ट ग्रीस लागतं, जागा न सोडणारं. ग्रीसच्या घट्टपणाला क्रमांक असतात, तीन शून्यांपासून सहापर्यंत. चाकाला सहसा दोन, कधी तीन. तेही शिगोशीग भरायचं नाही. जागा भरून टाकली तर ग्रीस आतल्या आत घुसळून तापतं. बेअरिंगच्या फटींत ते नीट दाबून बसवायचं आणि हबच्या मोकळ्या जागेत निम्म्याहून कमी.

विंचचं पोट निराळं. तिथं वेग नगण्य, पण दात दातावर घासतो आणि अख्ख्या ट्रकचा भार दोन-तीन दातांवर येतो. चाकाचं घट्ट ग्रीस तिथं घातलं तर दात त्यात एकदा चर पाडतात आणि मग कोरडेच फिरत राहतात. ग्रीस बाजूला भिंतीसारखं उभं, परत दातांकडे यायला तयार नाही. म्हणून ग्रहमालेसारखी चक्रं असलेल्या विंचला पातळ, वाहतं ग्रीस, शून्य किंवा दोन शून्यांच्या जवळपासचं, किंवा बनवणाऱ्यानं पुस्तिकेत सांगितलेलं. जुन्या विंचमध्ये वर्म गियर असतो, पोलादी मळसूत्र आणि पितळी-कांस्य चाक. तिथं तर ग्रीस नकोच, दाट गियर तेल पाहिजे. आणि तेही कुठलंही नको. जास्त दाबासाठी तेलात गंधकाची द्रव्यं घालतात. ती पोलादाला वाचवतात, पण तापलं की कांस्य खातात. मिस्त्रीनं असं खाल्लेलं एक चाक खुंटीला टांगून ठेवलं आहे. दात झिजून पानाच्या कडेसारखे झालेले. गिऱ्हाईक हुज्जत घालू लागलं की तो ते काढून त्याच्या हातात देतो.

पुष्कळ विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या आत असतो. तिथं ग्रीस जास्त झालं तर तार ओढताना सगळं ठीक वाटतं. गाडी दरीच्या काठावर लोंबकळत असताना तार धरून ठेवायची वेळ येते तेव्हा ब्रेक सुटतो. मिस्त्री खाली दोर अडकवायला जाणाऱ्या पोराचं नाव घेऊनच विंच भरतो. ‘‘हा खाली जाणार आहे,’’ एवढंच म्हणतो.

१९३० च्या सुमारास घाटात विजेची गाडी आली. तिच्या इंजिनाला कर्मचाऱ्यांनी खेकडा नाव दिलं होतं, बाजूच्या दांड्या हलवत ते चालायचं म्हणून. खेकडे कधीच गेले. फेब्रुवारी २०२३ पासून धावणारी सोलापूरची वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते. बेअरिंगं आता बंद डबीसारखी येतात, आत ग्रीस कारखान्यातच भरलेलं, आणि आख तापला का ते रुळाकाठची यंत्रं पाहतात. अब्बांच्या हाताच्या मागच्या बाजूला दोन डाग होते, ते यंत्रांना पडत नाहीत, हे चांगलंच झालं.

वंगणाच्या डब्यातलं लिथियम मात्र पुन्हा अडचणीत आहे. ते आता मोबाइलच्या आणि विजेच्या मोटारींच्या बॅटऱ्यांना लागतं. २०२१-२२ मध्ये त्याचे भाव असे चढले की ग्रीस बनवणारे पुन्हा कॅल्शियमकडे वळू लागले; जुनं पिवळं नव्हे, कॅल्शियम सल्फोनेट नावाचं नवं, पाणी आणि उष्णता दोन्ही सोसणारं. खोपोलीच्या फळीवर त्याचाही एक डबा आला आहे. पण दोन साबण एकमेकांत मिसळले तर कधी कधी दोन्हींची घडी मोडते आणि ग्रीस ताकासारखं पातळ होतं. म्हणून मिस्त्री जुनं ग्रीस असलेल्या हबमध्ये वरून नवं भरत नाही. मी शेवटचा गेलो तेव्हा एका जीपचं पुढचं चाक उघडं होतं. त्यानं बेअरिंग डिझेलच्या पातेल्यात तीनदा धुतलं, फडक्यानं पुसलं, उजेडात धरून कानाजवळ फिरवलं, पुन्हा एकदा धुतलं, आणि मग नव्या डब्याचं झाकण उघडलं.